पांढऱ्यावर पांढरं पाऊल

चैत्र सरत आला की बदनापूरच्या शिवारात वावटळी उठायला लागतात. नांगरून टाकलेल्या काळ्या रानातून धुळीचा एक खांब उभा राहतो, बांधापर्यंत चालत येतो, तिथं जरा घुटमळतो आणि कुणीतरी हाक मारल्यासारखा भलतीकडेच वळतो. इकडच्या बायका वावटळ दिसली की तोंडाशी पदर धरतात आणि लेकरांना मागे ओढतात. मी शहरातून शिकून आले तेव्हा याला हसायचे. आता हसत नाही. परवा दुपारी शेडच्या दारात उभी होते, समोरच्या रानातून एक वावटळ निघाली आणि स्टेशनच्या दिशेनं गेली, तेव्हा माझाही पदर आपोआप तोंडाशी गेला. धावड्याहून परत आल्यापासून हे असं चाललं आहे.

या दिवसांचा मला धाक वाटतो. उन्हाचा नव्हे. मराठवाड्यात जन्म घेतला तेव्हाच ऊन पदरात पडलं, त्याचं काय घेऊन बसायचं. धाक वाटतो तो एका वैशाखाचा, जो होऊन गेला तरी दरवर्षी थोडा थोडा परत येतो. कडुलिंबाचा फुलोरा शेडच्या पत्र्यावर गळतो, वाळतो, वाऱ्यानं सरसरतो. आत बसलेल्या माणसाला वाटतं, छपरावरून कुणी अनवाणी चालतंय. टँकरची वाट बघत रस्त्याकडेला लावलेल्या रिकाम्या घागरी दिसतात. दुपारी सगळं इतकं गप्प होतं की गाडी येण्याआधी रुळांचा बारीक आवाज ऐकू येतो. हे सगळं तेव्हाही असंच होतं.

शेड म्हणजे जुन्या जिनिंगचं कापसाचं गोदाम. कापूस दुसरीकडे गेला, गोदाम ओस पडलं आणि जालन्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारी मी त्याच्या प्रेमात पडले. पोरांना वर्षानुवर्षं सफरचंद आणि सुरई काढायला लावून मीच कंटाळले होते. कॉलेजात शिकलेली छापचित्रं हाताला अजून आठवत होती. मग खटपट करून एक जुनं छापयंत्र मिळवलं. दोन लोखंडी रूळ, त्यांच्यामधून सरकणारी पाटी आणि बाजूला मोठं चाक. लाकडावर किंवा पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची, ओलसर कागद वर ठेवून चाक फिरवायचं, की दाबाखाली चित्र कागदावर उतरतं. काम एवढंच, पण ते लोकांना समजावता समजावता माझे केस पांढरे झाले. लोक येत, यंत्राभोवती एक फेरी मारत आणि विचारत, लग्नपत्रिका कशा लावल्या?

अशा जागी आंतरराष्ट्रीय छापचित्रांचं प्रदर्शन भरवायचं खूळ आमच्या डोक्यात शिरलं. आमच्या म्हणजे माझ्या, आणि नांदेड, लातूर, बीदर, हैदराबाद इथल्या माझ्यासारख्याच काही खुळ्यांच्या. जालन्यात हॉल मिळेना म्हणून शेड ठरली, आणि आमच्यातले बरेचसे मास्तर असल्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी ठरली. उन्हाचा विचार कुणी केलाच नाही. निरोप गेले आणि खरोखरच कागद यायला लागले. जपानहून, ढाक्याहून, मेक्सिकोहून, पोलंडहून, जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांमधून. पोस्टमन आधी वैतागला, मग नळी उघडेपर्यंत थांबायला लागला. जपानी लाकडी ठशातला पाऊस बघून आष्टीहून आलेला एक शेतकरी बराच वेळ उभा राहिला आणि आमच्याकडं बी असाच आडवा येतो म्हणाला. बीदरच्या मित्रानं पत्र्यावर कोरलेल्या वेली पोलंडच्या बाई भिंगातून बघत बसल्या, आणि त्यांच्या देशातून आलेल्या काळ्या जंगलांची छाया त्याच्या पुढच्या चित्रांत अजून दिसते. इथल्या इथं, एका पत्र्याखाली, एवढं सगळं एकमेकांत मिसळत होतं. नियम एकच होता. ज्यानं भाग घेतला त्यानं आपल्या चित्राची एकेक प्रत सगळ्यांना द्यायची, आणि सगळ्यांच्या चित्रांची एकेक प्रत त्याला मिळायची. भाषणात पाहुणे याला देवाणघेवाण म्हणाले. तो शब्द मलाही तेव्हा फार आवडायचा.

पोलंडहून स्वतः आली होती ती आग्नेश्का. उंच, हाडकुळी, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती सगळ्यांची अक्का झाली आणि लवकरच त्या हाकेला ओ द्यायला लागली. अक्का शाई वापरत नसे. एखादी वस्तू घ्यायची, तिच्यावर जाड ओला कागद, वर लोकरीचं कापड, आणि चाक फिरवायचं. वस्तूचे उंचसखल भाग कागदात उमटतात. पांढऱ्यावर पांढरं. समोरून पाहिलं तर कागद कोराच दिसतो. बाजूनं खालून उजेड आला तरच चित्र वर उठतं. माणसाच्या वापरानं झिजलेल्या वस्तू मला आणून द्या, असं ती सगळ्यांना सांगायची. कुणी कडी आणली, कुणी विळ्याची मूठ, कुणी पाटा. आणि कौसाबाईनं आणली नवऱ्याची वहाण.

कौसाबाई पाहुण्यांचा स्वयंपाक करायची. सासर धावड्याचं, भोकरदनच्याही पुढचं, अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेलं. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचं. ती मात्र तिथून उठून बदनापुरात आली होती आणि शेडच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. जिभेची तिखट, हाताची त्याहून तिखट. अक्काला ठेचा खायला घालून तिच्या डोळ्यांतून पाणी काढायची आणि पदराआड खुदुखुदु हसायची. कपाळावर भलंमोठं कुंकू. धावड्यात त्या कुंकवाकडे बोट दाखवून लोक बोलत, म्हणून तर तिनं धावडं सोडलं होतं.

तिचा नवरा सांडू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन डोंगरापलीकडे खानदेशात उतरायचा आणि मिरगाच्या आधी परतायचा. एका वर्षी वैशाखात, कुठल्याशा माळावर तळ पडलेला असताना, भर दुपारी तो पाणी बघून येतो म्हणून उठला. पुन्हा कुणाला दिसला नाही. सोबत्यांनी शोधलं, पोलिसांत कळवलं, आसपासच्या विहिरींत गळ टाकले. शेवटी मेंढरं आली, कुत्रा आला, आणि एका सोबत्यानं फडक्यात गुंडाळून सांडूच्या वहाणा आणल्या. त्या तळावर तशाच पडलेल्या होत्या; एक सासूनं ठेवून घेतली, एक कौसाबाईनं. वैशाखाच्या उन्हात मेंढपाळ वहाणा सोडून किती लांब जाईल? जवळच गेला असणार, म्हणजे परत येणार, असा कौसाबाईचा हिशेब. आणि तोच प्रश्न विचारून बाकी सगळे उलट्या उत्तराला पोचत. सासू सोनाबाई आणि दीर रामदास यांना सांडूचे दिवस घालायचे होते. क्रियाकर्म झालं नाही म्हणून तो भटकतोय, म्हणून मेंढरं टिकेनात, म्हणून घरात आजार, असं त्यांना मनापासून वाटे. ते वाईट नव्हते. सोनाबाईला तर लेकाची तहान दिसायची. ती घरात कुणालाही पाण्याचा तांब्या उपडा ठेवू देत नसे. पण दिवस घातले असते तर कौसाबाईचं कुंकू पुसलं गेलं असतं. इतकी वर्षं सगळं तिथंच अडून राहिलं होतं.

ती वहाण मी हातात घेतली तो क्षण मला आठवतो. जाड कातडी तळ, तेल पिऊन काळा झालेला, आणि त्यात पायाचा पूर्ण खळगा. टाच, चवड्याचा उंचवटा, पाचही बोटं. करंगळी जरा बाहेर फाकलेली. यंत्रात घालायची तर पट्टे आणि खिळे काढावे लागणार होते. अक्कानं मला दोनदा विचारायला लावलं, नक्की ना? कौसाबाईनं विळ्याच्या टोकानं स्वतःच पट्टे सोडवले. मग म्हणाली, "म्याडम, हे कागद लई मुलखात जाऊन राह्यलेत न्हवं? कोन्या मुलखात ते असले तर कुनीतरी वळखील त्यायचं पाऊल." पावलावरून कोण कुणाला ओळखणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून मी ते गिळलं.

पहिला कागद उचलला आणि आम्ही तिघी पुढे वाकलो. दाराच्या फटीतून आडवा उजेड येत होता. पांढऱ्या कागदातून माणसाचं पाऊल वर आलेलं, इतकं ठसठशीत की बोटांच्या घड्या दिसत होत्या. चित्र चांगलं उतरलं की मला आनंद होतो, तो सवयीचा आनंद त्या दिवशी झाला नाही. वाटलं, कागदापलीकडे कुणीतरी उभं आहे आणि त्यानं फक्त एक पाऊल अलीकडे टाकलंय. कौसाबाईनं कागदाला पदराच्या टोकानं वारा घातला. अक्कानं तिथल्या तिथं ठरवलं की कौसाबाई प्रदर्शनात भाग घेणार, स्वतःच्या नावानं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी भुवया उंचावल्या. भाकऱ्या बडवणारी बाई कलावंत कधी झाली, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. मी त्यांना तिच्याच हातचा चहा पाजला आणि विषय संपवला. चित्राला नाव काय द्यायचं विचारलं तर कौसाबाई म्हणाली, "लिवा, येऊन राह्यलेत."

सगळ्यांना पुरतील इतक्या प्रती काढायच्या होत्या. अक्का चाक फिरवत होती, मी कागद ओले करत होते. आणि हळूहळू लक्षात आलं की प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा उथळ येतंय. करंगळी आधी गेली. मग बोटांमधल्या खाचा. रुळांच्या दाबाखाली कातडं सपाट होत चाललं होतं. लाकूड टिकतं, पत्रा टिकतो. तेल प्यालेलं मऊ कातडं किती टिकणार? अक्कानं चाक थांबवलं आणि दोन्ही हात डोक्याला लावून उभी राहिली. कौसाबाईनं तो तळ पाटीवरून उचलला आणि अंगठ्याच्या जागी बोट फिरवलं. तिथं आता काही नव्हतं. नुसतं गुळगुळीत चामडं. ती रडेल, ओरडेल, आम्हाला शिव्या देईल, अशी माझी खात्री होती. ती फक्त म्हणाली, गेलेत कागदावर. आणि भाकरी टाकायची वेळ झाली म्हणून चुलीकडे गेली.

पीठ मळताना तिची पाठ मला दिसत होती. त्या पाठीकडे बघून मला पहिल्यांदा या सगळ्याची भीती वाटली.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे माणूस गेला की ज्या जागी जीव गेला तिथं संध्याकाळी पीठ चाळून पसरतात. त्यावर टोपली पालथी घालतात, जवळ दिवा ठेवतात. सकाळी सगळ्यांसमक्ष टोपली उचलायची आणि दिव्याच्या उजेडात पिठावर काय उमटलंय ते पाहायचं. चिमणीचा पाय, सापाची रेघ, गाईचा खूर. ज्याचा ठसा, त्या जन्माला गेलेला गेला. माणसाचं पाऊल उमटलं तर फारच चांगलं. मग ते पीठ पाण्यात सोडतात आणि माणूस सुटला असं समजतात. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मी स्वतः आजोबांच्या वेळी गुडघ्यावर बसून ते पीठ पाहिलेलं आहे.

आणि तरी उद्घाटनाच्या दिवशी शेडमध्ये एकेक गोष्ट जागेवर येत गेली तेव्हा ती रीत कुणाच्याच ध्यानात आली नाही. पाऊल भिंतीवर कसं टांगायचं, ते जमिनीवरच हवं, असा अक्काचा हट्ट; म्हणून सगळ्यांत पहिली, सगळ्यांत ठसठशीत प्रत कोपऱ्यात एका बुटक्या पाटावर आडवी ठेवली. दुपारी वावटळ दारातून आत शिरली, सगळीकडे धूळ. कागद मळू नये म्हणून कौसाबाईनं खोलीतून भाकरीची मोठी टोपली आणली आणि पाटावर पालथी घातली. धावड्याहून तिची माणसं आली होती. तिनंच बोलावलं होतं. आपलं नाव भिंतीवर लागलेलं आणि आपल्या माणसाचं पाऊल परदेशी लोकांत मांडलेलं त्यांना दाखवायचं होतं. सोनाबाई, रामदास, भावकीतले म्हातारे. भाषणं झाली, नारळ फुटला, आणि दिवेलागणीला लाईट गेली.

अंधुक उजेडात बाकीची काळी चित्रं निदान काळी तरी दिसत होती; पाऊल अजून टोपलीखालीच होतं. सोनाबाईची नजर अधू. कुठाय माझ्या लेकाचं पाऊल, असं ती विचारत राहिली. कौसाबाईनं उद्घाटनाची समई उचलली, पाटाशेजारी जमिनीवर ठेवली आणि टोपली काढली.

खालून आलेल्या उजेडात पाऊल उठलं. ज्योत हलली तसं तेही हलल्यासारखं झालं. कुणीतरी श्वास आत ओढला तो अख्ख्या शेडला ऐकू गेला. मग भावकीतल्या म्हाताऱ्यांनी एकामागून एक डोक्यावरची टोपी, पटका काढला. सोनाबाई मटकन खाली बसली आणि तिनं कागदापुढे डोकं टेकलं. "उमटलं रे," ती म्हणाली, "मान्साचंच उमटलं. सुटला माझा सांडू."

कौसाबाईच्या हातात अजून टोपली होती. ती टोपलीकडे पाहत होती, मग समईकडे, मग पाटाकडे. आपण काय मांडून बसलो ते तिला तेव्हा दिसलं, आणि मलाही तेव्हाच. धुळीपासून जपायला टोपली, उजेडाला दिवा. रामदास शांतपणे म्हणाला, "वैनी, हे आम्ही न्हाई केलं. तुमच्या हातानंच झालं." त्याच्या आवाजात राग बिलकुल नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. भावकीतल्या दोन बायका तिच्याजवळ सरकल्या. एकीनं तिचा हात धरला, मायेनंच धरला असेल. कौसाबाईनं तो झटकला. "हे चामड्याचं पाऊल हाय," ती म्हणाली. "जित्या मान्साच्या वहानेचं. माझ्या कुकवाला कुनी हात लावला तर मंग बघा." जपानी पाऊस, मेक्सिकोचे घोडे, ढाक्याच्या नावा भिंतींवर होत्या, पाहुणे हातात पेढा धरून उभे होते, आणि अक्का माझी बाही ओढून विचारत होती, काय झालं, काय झालं? मी तिला काय सांगणार होते?

धावड्याच्या माणसांचं म्हणणं होतं की सगळे कागद पाण्यात सोडायचे. एक जरी मागे राहिला तरी सांडू अर्धाच सुटला. कौसाबाईचं म्हणणं, एकही नाही. दोन दिवस शेडच्या दारात ही माणसं बसून होती. म्हातारी अन्न घेईना. शेवटी कौसाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि पाटावरची प्रत उचलून दिली. ती तिच्या स्वतःच्या वाटणीची प्रत होती; बाकीच्या सगळ्या बाहेर जायच्या होत्या. मी म्हटलं, दुसरी कुठली तरी देऊ, उथळ आलेली. ती म्हणाली, आत्याबाईला फशिवलं तर पाप लागंल.

दुधना नदीला पाणी नव्हतं. धरणाच्या तळाशी चिखलाच्या कडेनं थोडं उरलं होतं, तिथं आम्ही सगळे गेलो. भेगाळलेल्या मातीवर मेलेले मासे वाळून पडलेले. रामदासनं कागद पाण्यावर सोडला. तो बुडाला नाही. तरंगत राहिला आणि पाणी पीत गेला. दाबून उठवलेला कागद पुन्हा भिजला की फुगतो आणि सपाट होतो. हे मला ठाऊक होतं, तरी मी डोळे मिटून घेतले नाहीत. बोटं एकेक करून गेली, चवडा गेला, टाच सगळ्यांत शेवटी. मग पाण्यावर नुसता पांढरा कागद राहिला. धावड्याची माणसं कुजबुजायला लागली. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सोनाबाईनं हात जोडले. कौसाबाई काठावर उभी होती, कुंकू होतं तसंच, आणि तिचे ओठ आवळून पांढरे पडले होते. सांडूच्या पावलातलं तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

पुढे नियमाप्रमाणे बाकीच्या प्रती नळ्यांत भरून जगभर गेल्या, आणि पावसाळ्यात बाकीच्यांच्या प्रतींचं खोकं कौसाबाईला मिळालं. तिनं खोलीच्या भिंतींवर सगळी चित्रं चिकटवली. नावा, घोडे, अक्काच्या देशातलं काळं जंगल, कुण्या अनोळखी माणसाची रिकामी खुर्ची. नवऱ्याच्या पावलाच्या बदल्यात मिळालेल्या त्या चित्रांत ती स्वयंपाक करते, झोपते. देवाणघेवाण हा शब्द त्यानंतर मी भाषणात कधी वापरला नाही. खरं सांगायचं तर प्रदर्शन फार गाजलं. त्यातून नांदेडला एक शेड उभी राहिली, बीदरची पोरं ढाक्याला जाऊन आली, तिकडची इकडे आली. अक्का कुठकुठल्या शहरांतून फोटो पाठवते: आमचं पाऊल काचेआड, आमचं पाऊल एका पांढऱ्याशुभ्र दालनात, समोर कोट घातलेली माणसं. मी ते कौसाबाईला फोनवर दाखवते. ती चित्राकडे बघत नाही. बोटांनी फोटो मोठा करून ती समोर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बघते, एकेक करून, आणि मग फोन परत देते.

गेल्या आठवड्यात सोनाबाई गेली. शेवटचे काही महिने कौसाबाई धावड्यात राहून तिचं सगळं करत होती. अंग पुसणं, भरवणं, सगळं. तिचा फोन आला आणि मी भोकरदनमार्गे निघाले. पोचले तेव्हा म्हातारीला उचलायची तयारी झाली होती. माघारी यायला गाडी नव्हती, म्हणून राहिले.

दिवेलागणीला सारवलेल्या जागी पीठ मांडायचं होतं. रामदासनं परातीत ज्वारीचं पीठ चाळलं. तेवढ्यात कौसाबाई आतून दुसरी परात घेऊन आली, शेजारी ठेवली आणि तिच्यातही चाळायला लागली. हे कुणाचं, असं रामदासनं विचारलं. "तुमच्या भावाचं," ती म्हणाली. "आत्याबाईचा जीव त्यायच्यातच अडकला व्हता. आज दोघायचं बराबर बघून टाकू." रामदासचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी ती कबूल झाली होती. सगळ्यांसमोर तिनं दोन्ही परातींवर टोपल्या घातल्या आणि मध्ये दिवा ठेवला. पिठात काही उमटतं यावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

झुंजुमुंजू झालं तेव्हा मी अंगणातल्या बाजेवरून उठले. कौसाबाई आधीच उठलेली होती, केस ओले, दारात बसलेली. हळूहळू माणसं जमली. रामदासनं पहिली टोपली उचलली. पिठावर बारीक तीन रेघा होत्या. चिमणी, चिमणी, असं सगळे म्हणाले आणि हात जोडले. दुसरी टोपली त्यानं कौसाबाईला उचलायला सांगितली.

परात कोरी होती.

"गेलेल्याचं उमटतं," कौसाबाई सगळ्यांकडे बघून म्हणाली. "त्यायचं न्हाई उमटलं. म्हंजे ते हायेत." रामदास डोकं धरून खाली बसला. रीत त्यांचीच होती.

दिवा अजून जळत होता, परातींच्या पातळीवर, बाजूनं. आयुष्यभर मी अशाच आडव्या उजेडात पांढरे कागद बघत आले आहे. चाळणीतून पडलेलं पीठ भुसभुशीत बसतं, त्याला कण असतात, प्रत्येक कणाची इवलीशी सावली पडते. सोनाबाईच्या परातीत तसंच होतं. सांडूच्या परातीतलं पीठ मात्र गुळगुळीत होतं. त्यावरून वळून गेलेल्या फिक्या रेघा होत्या, तळहाताच्या, आणि काठाशी बोटांची टोकं थांबलेली. सगळ्यांच्या आधी उठून तिनं टोपली उचलली होती. तिथं काय उमटलं होतं ते तिनं एकटीनं पाहिलं होतं, आणि हातानं सारखं केलं होतं. मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती. मला इतकी भीती वाटली की मी नजर काढून घेतली.

सोनाबाईचं पीठ नदीवर न्यायला सगळे निघाले, तेव्हा रामदासनं दुसऱ्या परातीकडे हात केला. ज्याचं काही उमटलं न्हाई त्याचं पाण्यात काय सोडायचं, असं म्हणून कौसाबाई ती परात आत घेऊन गेली. सुतकातल्या घरात चूल पेटवत नाहीत, भाकरी शेजारून येते. तिनं चूल पेटवली. त्याच परातीत पाणी ओतलं आणि पीठ मळायला घेतलं. रामदास दारातून बघत होता. तो तसाच मागे फिरला. थापण्याचा आवाज बाहेर अंगणभर जात होता आणि आलेली माणसं एकेक करून उठून गेली.

भाकरी तव्यावरून उतरली. तिनं एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला. मग उरलेली भाकरी आणि ठेचा ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवला. "खाऊन घ्या म्याडम," ती म्हणाली. "तुमी बी बघितलं न्हवं, काई नव्हतं."

मी तुकडा मोडला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, घास गिळून होईपर्यंत.